पहिला शब्द : अजून नाही

अठ्ठावीस वर्षं लोकांची पोरं सांभाळल्यावर आक्काला एक दिवस कळलं, की आपल्याला पोरं सांभाळता येत नाहीत. तसं तोंडावर कोणी म्हणालं नाही. एजन्सीतल्या बाईने फक्त एक कागद पुढे सरकवला. अमुक तारखेनंतर सर्टिफिकेट नसलेली एकही बाई कुठल्याही घरात ठेवता येणार नाही, असं त्यावर छापलं होतं. बारा रविवारांचा कोर्स आणि शेवटी परीक्षा: लेखी, तोंडी आणि बाहुलीवरची.

"आणि मी नापास झाले तर?" आक्काने विचारलं.

"तर त्या घरी दुसरी बाई पाठवू," ती म्हणाली. नळाचा वायसर बदलायचा असावा, इतक्या सहज.

आता बावन्नाव्या वर्षी हे ऐकून माणसाने काय करावं, तुम्हीच सांगा! चौदा पोरं या बाईच्या हाताखालून गेली. पहिल्याला आता चांगल्या झुपकेदार मिशा आहेत आणि रस्त्यात समोर आला तरी तो ओळख दाखवत नाही. आक्काला त्याचं काही वाटत नाही. पोरं मोठी होतात, विसरतात, ते तर त्यांचं कामच आहे. तिला स्वतःचं मूलबाळ नाही, नवरा लवकर गेला, राहायला भावाच्या घरात शिवणयंत्राशेजारची खाट. सर्टिफिकेट खड्ड्यात गेलं असतं तरी तिला चाललं असतं. पण मग गुंडीचं काय? नापास होणं म्हणजे गुंडी दुसऱ्या बाईच्या हातात देणं.

गुंडी म्हणजे तिची पंधरावी. वय महिने सोळा. आई पुलांच्या कामावरची इंजिनिअर, सकाळी सातला घराबाहेर, संध्याकाळी सातला घरात. बाप दुसऱ्या शहरात नोकरीला, पंधरवड्यातून एकदा यायचा. तीन महिन्यांची असताना ही पोर आक्काच्या हातात आली, तेव्हा इतकी एवढीशी होती की अंगरख्याच्या गुंड्याच तिच्यापेक्षा मोठ्या दिसायच्या. म्हणून गुंडी. नाव आक्काने ठेवलं आणि घरभर तेच रुळलं.

तर आक्का कोर्सला जायला लागली. चपलांच्या दुकानाच्या वरची खोली, अकरा बाया, बसायला शाळेतली बाकं. त्या बाकांत अर्ध्या जणींचे गुडघे मावेनात. शिकवायला एक मॅडम, वय असेल पंचवीस-सव्वीस. पोरगी हुशार होती, बोलायची गोड, पण मूल म्हणून तिने भिंतीवरच्या चित्रातच पाहिलेलं. टेबलावर ओळीने बाहुल्या मांडलेल्या, प्रत्येकीच्या पाठीवर नंबर. आक्काच्या वाट्याला चार नंबरची आली, मान ढिली असलेली.

"आंघोळीचं पाणी किती गरम हवं?" मॅडमने विचारलं.

आक्काने बाही वर केली आणि कोपर पाण्यात बुडवलं. "एवढं."

"आक्का, कोपरावर आकडे नसतात."

सगळ्या खो खो हसल्या. आक्कासुद्धा हसली. मग तिने थर्मामीटर घेतला, चष्मा शोधला, आकडा वाचला. सदतीस. कोपराने सांगितलं होतं तेवढंच! पण गुण मिळाले थर्मामीटरला. दुसऱ्या रविवारी तर कहरच झाला. मॅडम बोलत होत्या आणि आक्का मांडीवरच्या बाहुलीला थोपटत ऐकत होती, तिला पत्ताही नव्हता. मॅडमनी तिच्या कागदावर लिहिलं, 'विनाकारण झुलवते.' अठ्ठावीस वर्षांचा हात तो, विनाकारण म्हणे!

प्रत्येकीने एक वही ठेवायची होती. निरीक्षण वही. सांभाळतो त्या मुलाची सगळी नोंद: पहिलं हसू, पहिला दात, बसणं, रांगणं, पहिलं पाऊल, पहिला शब्द. समोर तारीख आणि खाली आईची सही. आक्काने संध्याकाळी गुंडीच्या आईला विचारून विचारून सगळं भरलं. ताईने आठवून आठवून तारखा सांगितल्या. काही तिच्या फोनमध्ये होत्या, फोटोसकट.

"पहिला शब्द?" आक्काने विचारलं.

"अजून कुठे बोलते ती," ताई म्हणाली. "लिहा, अजून नाही."

आक्काने लिहिलं, 'पहिला शब्द : अजून नाही.' लिहिताना तिची पेन्सिल थांबली नाही. हे नंतर तिला फार लागलं.

कारण गुंडी बोलली होती.

इथे एक गोष्ट सांगितलीच पाहिजे, नाहीतर तुम्ही आक्काला खोटारडी म्हणाल. पोरं सांभाळणाऱ्या बायांचा एक कायदा असतो. कुठल्या वहीत तो लिहिलेला नाही. बागेतल्या बाकावर बसून जुनी बाई नव्या बाईला सांगते तो. मुलाचं पहिलं जे काही असेल, ते बाईने पाहिलंच नाही असं समजायचं. दुपारी अकराला पोर चार पावलं चाललं, तरी संध्याकाळी आईला एवढंच म्हणायचं, "आज सारखं उभं राहायला बघतंय हं, लक्ष ठेवा." मग रविवारी आईसमोर ते चालतं, आई टाळ्या वाजवते, रडते, फोन काढते. बाई स्वयंपाकघरातून हात पुसत येते आणि म्हणते, "अगंबाई! चाललं?"

आक्का हा कायदा ठेच लागून शिकली होती. तिसऱ्या घरी तिने मोठ्या कौतुकाने सांगितलं होतं, ताई, आज बाळ चाललं! ती ताई हसली, मग न्हाणीघरात जाऊन बराच वेळ बाहेर आली नाही. आठवडाभराने आक्काला निरोप मिळाला, उद्यापासून यायची गरज नाही. तेव्हापासून तिने कानाला खडा लावला. अकरा पोरांच्या अकरा पहिल्या पावलांना ती "अगंबाई" म्हणाली होती आणि एकाही आईला शंका आली नव्हती.

गुंडी बोलली ती अकराव्या महिन्यात, एका मंगळवारी. त्या दिवशी एक शब्द आणि आठवड्यात आणखी दोन. आक्का इतकी हरखली की तिने पोरीचे मटामट मुके घेतले, आणि मग नेहमीसारखी मूग गिळून बसली. संध्याकाळी ताईला म्हणाली, "आता कुठल्याही दिवशी बोलेल बघा. रविवारी जरा जवळ घेऊन बसा."

तो रविवार आलाच नाही. शुक्रवारी गुंडीला ताप भरला. साधासुधा नाही, मान ताठ झाली, डोळे फिरले. आठ दिवस पोर दवाखान्यात नळ्या लावून पडली होती. आईबापाच्या तोंडचं पाणी पळालं होतं. आक्का दवाखान्याच्या जिन्यात बसून राहायची, कोणी बोलावलं की आत जायची. पोर वाचली. घरी आली तेव्हा पाठीला पोट लागलेलं. अशा वेळी कोण शब्द मोजतं? वाचली हेच खूप झालं.

त्यानंतर गुंडी गप्प झाली. आक्का म्हणाली, अशक्तपणा आहे. मग म्हणाली, येईल हळूहळू. चालायलाही उशीर झाला, सारखा तोल जायचा. आक्का म्हणाली, तापाने पायातली शक्ती गेलीय. ताईच्या सासूबाईंनी फोनवर सांगितलं की आमच्याकडे सगळेच उशिरा बोलतात, आणि विषय तिथेच मिटला. आक्का वाट पाहत राहिली. शब्द परत येतील, तेव्हा ते ताईच्या समोर येतील, ताई टाळ्या वाजवेल आणि आपण "अगंबाई" म्हणू, असं तिने मनाशी पक्कं धरलं होतं. सात महिने!

नवव्या रविवारी मॅडमनी कान आणि बोलणं हा धडा काढला. बाहेर उकडत होतं, पंखा कुरकुरत होता, दोघीतिघी पेंगत होत्या. मॅडम वाचत होत्या: मूल उशिरा बोलणं वेगळं. पण मूल बोलायला लागलं आणि मग थांबलं, असं कधी दिसलं तर एक दिवसही थांबायचं नाही. आईबापांना त्याच दिवशी सांगायचं, डॉक्टरांना त्याच आठवड्यात दाखवायचं. मोठ्या तापानंतर असं झालं तर आधी कान.

"का?" मॅडमनी वर बघून विचारलं. "कारण कान आतून मिटत जातो. मग उपाय असून उपयोग होत नाही."

बाकीच्या वहीत लिहीत होत्या. आक्काने बाकाची कड धरली आणि तास संपेपर्यंत सोडली नाही. शेजारी बसलेल्या चष्मेवालीने कोपर मारून विचारलं, "काय गं, चक्कर आली का?" ही चष्मेवाली बागेतली तिची जुनी मैत्रीण, पलीकडच्या इमारतीत जुळी सांभाळायची. आक्काने नुसती मान हलवली.

सोमवारी ताई कामावर गेल्याबरोबर आक्काने गुंडीला ठोकळे देऊन जमिनीवर बसवलं. आपण तिच्या पाठीमागे जाऊन उभी राहिली, चपला काढून. आधी हाक मारली. मग मोठ्याने मारली. मग स्वयंपाकघरातून पातेलं आणि पळी आणली आणि असं काही बडवलं, की वरच्या मजल्यावरच्यांनी जमिनीवर काठी आपटली. गुंडीने एका ठोकळ्यावर दुसरा ठेवला. तिसरा ठेवला. डोकं वळवलं नाही.

आणि मग आक्काला आपलेच हात आठवले. हल्ली गुंडीला बोलवायचं तर ती पाय आपटायची. जमीन हादरली की पोर बघायची, हसत यायची. उठवायचं तर खांद्याला हात लावायची. काही सांगायचं तर समोर बसून, चेहरा चेहऱ्यासमोर आणून सांगायची. हे कधी सुरू झालं, कोणी शिकवलं? कोणीच नाही. मूल कशाने ऐकतं ते बाईच्या अंगाला बरोबर कळतं आणि ती तसं करू लागते. डोक्याला विचारायला जातच नाही. पोर बहिरी झाली होती, आणि आक्काने तिला इतकं उत्तम सांभाळलं होतं की ते कोणाला कळलंच नाही.

ती जमिनीवर बसली आणि तोंडात ओढणी कोंबून रडली. खरं तर ओढणी कोंबायचं काही कारण नव्हतं. ऐकणारं घरात कोण होतं?

मंगळवारी बागेत तिने चष्मेवालीला सगळं सांगितलं.

"कानाचं सांग," चष्मेवाली म्हणाली. "आजच सांग. पण शब्दांचं बोलू नकोस."

"अगं पण..."

"पण नाही नि बिण नाही. तू सांगून तिचे कान परत येणार आहेत का? सांगितलंस तर तुझं काम जाईल, कोर्स जाईल, आणि त्या पोरीला तुझ्याशिवाय कोण आहे दिवसभर? तीन रविवार राहिलेत. गप्प बस, पास हो, मग आयुष्यभर तिची सेवा कर. मी तुझ्या जागी असते तर हेच केलं असतं."

आक्काला ते पटलं. खोटं कशाला बोलू, पटलं. माणसाला जे हवं असतं ते पटतंच. संध्याकाळी तिने ताईला सांगितलं, "कोर्समध्ये शिकवलं म्हणून मी जरा बघितलं, गुंडीला ऐकू येत नाही असं वाटतंय. दाखवून घ्या."

ताईने आक्काचा हात धरला, दोन्ही हातांनी. "बरं झालं तुम्हाला कोर्सला घातलं," ती म्हणाली. "मला तर कळलंच नसतं हो, आक्का." हे ऐकून आक्काला वाटलं, धरणी पोटात घेईल तर बरं. पण ती उभीच राहिली आणि ताईला पाणी आणून दिलं.

पुढच्या आठवड्यातल्या शुक्रवारी कानाचे डॉक्टर. गुंडी आक्काशिवाय राहणार नाही म्हणून आक्कालाही आत घेतलं. डॉक्टर वयस्कर होते, शांत होते. त्यांनी गुंडीच्या कपाळाला तारा चिकटवल्या, कानात बोंडं घातली, पडद्यावरच्या रेषा बघितल्या. रेषा सपाट होत्या. दोन्ही कानांच्या.

"आठ दिवस ॲडमिट होती, त्यानंतर कान तपासले नव्हते?"

"फोन आला होता," ताई म्हणाली. "त्यांनी विचारलं, बोलते का, आवाजाला बघते का. मी म्हटलं, अजून बोलत नाही, पण आक्कांनी बोलावलं की लगेच बघते. ते म्हणाले, या वयात बोलत नाहीत बरीच मुलं, काळजी करू नका."

डॉक्टरांनी खुर्ची पुढे ओढली. "आता नीट आठवून सांगा. हिला जन्मापासून ऐकू येत नसेल, तर घाई नाही. मशीन लावू, सहा महिने बघू, आतल्या स्कॅनचा नंबर दोन महिन्यांनी लागेल तेव्हा करू. पण तापामुळे गेलं असेल, तर आतली जागा हाडासारखी भरत जाते, आणि ऐकू यावं म्हणून ऑपरेशनने बसवतो ती तार आत जात नाही. मग एकेक आठवडा महत्त्वाचा, मी आत्ताच्या आत्ता स्कॅन लावतो. ताप येण्याआधी ही काही बोलली होती का? एखादा शब्द?"

"नाही," ताई म्हणाली. "एकही नाही. मी सगळं लिहून ठेवते."

गुंडी आक्काच्या मांडीवर होती. तिने आक्काच्या हनुवटीला हात लावला, आक्का काही बोलते का ते बघायला. हल्ली ती असंच करायची. चष्मेवाली काय म्हणाली होती, कोर्स, काम, शिवणयंत्राशेजारची खाट, सगळं आक्काच्या डोक्यातून भर्रकन गेलं.

"बोलली होती," ती म्हणाली.

ताई तिच्याकडे वळली.

"तीन शब्द. आई. दे. आणि कुत्रं दिसलं की भू. ताप यायच्या आधीचे तीन दिवस. नंतर नाही. मी सांगितलं नाही, ताई. तुमच्यासमोर म्हणेल तेव्हाच पहिला म्हणायचा, असं असतं आमच्यात. पहिलं ते आईचं. मी वाट बघत होते."

डॉक्टरांनी फोन उचलला आणि सोमवारचा स्कॅन लावला. ताईने हात पुढे करून गुंडीला आक्काच्या मांडीवरून उचललं. गुंडी रडली, आक्काकडे झेपावली. ताईने तिला घट्ट धरलं आणि बाहेर गेली. गाडीत मागे आक्का एकटी बसली. दारात उतरताना ताई एवढंच म्हणाली, "स्कॅन होईपर्यंत या. मला दुसरं कोणी मिळणार नाही." तिने 'तुम्ही' म्हटलं नव्हतं आणि 'आक्का'ही म्हटलं नव्हतं.

स्कॅन झाला. रिपोर्ट पुढच्या आठवड्यात मिळणार होता. मधल्या दिवसांत ताई घरूनच काम करायची, दार उघडं ठेवून. आक्का गुंडीला भरवायची, आंघोळ घालायची, आणि दर वेळी वर बघितलं की ताई दारात उभी असायची. ती काही म्हणायची नाही. ओरडली असती, चार शिव्या घातल्या असत्या, तर आक्काला बरं वाटलं असतं.

बाराव्या रविवारी परीक्षा होती. आक्का गेली. का गेली, ते तिलाही सांगता आलं नसतं. सवयीने पाय वळले म्हणा. चार नंबरची बाहुली तिने बरोबर मान धरून उचलली, थर्मामीटर वापरला, विनाकारण झुलवलं नाही. घशात काही अडकलेल्या बाहुलीला पाठीवर पाच थापा मारल्या, मोजून. मग तोंडी परीक्षा. बाहेरून आलेल्या परीक्षक बाई होत्या, शेजारी मॅडम. परीक्षकांनी एक चिठ्ठी उचलली आणि वाचली, "मूल बोलायला लागून मग थांबलं, तर सांभाळणाऱ्या बाईने काय करावं?"

मॅडमनी तिच्याकडे बघून हसून मान डोलावली. येतंय तुम्हाला, अशा अर्थाने.

"त्याच दिवशी आईला सांगावं," आक्का म्हणाली. "एक दिवसही थांबू नये. काहीही झालं तरी सांगावं. आईला वाईट वाटेल, काम जाईल, असलं काही मनात आणू नये. आधी ताप येऊन गेला असेल तर कान बघावे, कारण कान आतून मिटत जातो. पहिल्या एकदोन महिन्यांत गेलं तर काही करता येतं. मग नाही."

परीक्षकांनी पेन खाली ठेवलं. "इतकं सविस्तर उत्तर आज कोणी दिलं नाही," त्या म्हणाल्या. निरीक्षण वहीही त्यांनी चाळली, तारखा बघितल्या, खाली आईची सही बघितली. वहीला पैकीच्या पैकी गुण मिळाले. आक्का अकरा जणींत पहिली आली. टाळ्या वाजल्या. चष्मेवालीने वाजवल्या नाहीत, ती खाली मान घालून बसली होती.

बुधवारी रिपोर्ट आला. ताई आणि गुंडीचे बाबा दोघं डॉक्टरांकडे गेले, गुंडीला घेऊन. आक्का घरीच राहिली. तिने पोरीचे कपडे धुतले, वाळत घातले, कपाट लावलं, मग लावलेलं कपाट उपसून पुन्हा लावलं. दुपारी तीनला ताई एकटीच परत आली. गुंडी बाबांच्या खांद्यावर झोपली होती, म्हणून ते खाली गाडीतच बसले होते.

ताई स्वयंपाकघरातल्या खुर्चीवर बसली.

"दोन्हीकडे भरलंय," ती म्हणाली. "तार आत सरकायला जागाच नाही. डॉक्टर म्हणाले, पहिल्या दोन महिन्यांत आला असतात तर."

आक्का ओट्याला टेकून उभी होती.

"एजन्सीचा फोन होता. तुम्ही पहिल्या आलात. अभिनंदन म्हणाले मला." ताईच्या बोलण्यात टोमणा नव्हता, तेवढी ताकदच तिच्यात उरली नव्हती. "आक्का, मी कधी म्हटलं होतं का तुम्हाला, की मला सांगू नका म्हणून?"

"नाही, ताई."

"मग?"

काय सांगणार? तिसऱ्या घरातली ती ताई, ते न्हाणीघर, बागेतलं बाक? आक्का म्हणाली, "तुम्हाला वाईट वाटू नये म्हणून."

ताईने मान हलवली, समजल्यासारखी. "आता तिचा आवाज कधी फुटेल, कसा फुटेल, काही सांगता येत नाही म्हणे," ती म्हणाली. "शब्द म्हणून तिने जे काही म्हटलंय, ते तेवढंच. आणि मला आई म्हटलेलं तुम्ही एकट्याने ऐकलंत."

"हो."

"कसं म्हणाली? म्हणून दाखवा."

"ताई..."

"म्हणून दाखवा, आक्का. मी काही बोलणार नाही. जसं म्हणाली तसं, फक्त एकदा."

आक्काने तोंड उघडलं. "आई," ती म्हणाली. बाहेर पडला तो बावन्न वर्षांच्या बाईचा घोगरा आवाज.

"असं नसेल," ताई म्हणाली. ती पुढे वाकली होती, डोळे मिटून. "बारीक असेल ना? की ओढून म्हणाली? शेवटी वर गेला आवाज की खाली आला? पुन्हा म्हणा."

आक्काने डोळे मिटले. तो मंगळवार तिला लख्ख आठवत होता. गुंडी उंच खुर्चीत बसली होती, हातात केळं चिवडलेलं, एका पायात मोजा, दुसरा खाली पडलेला. तिने दाराकडे बघितलं होतं, जिथून ताई सकाळी गेली होती, आणि ओठ उघडले होते. ओठ आठवत होते. ओठाला लागलेलं केळं आठवत होतं. आवाज आठवेना. अठ्ठावीस वर्षांत तिने जे पाहिलं ते पाहिलंच नाही असं समजायची इतकी सवय केली होती, की संध्याकाळपर्यंत ती ते खरंच पुसून टाकायची. सात महिने हा शब्द तिने कोणाला सांगितला नव्हता, आपल्याशीही म्हटला नव्हता. दुसऱ्याच्या वाट्याचा म्हणून हातही लावला नव्हता.

तिने पुन्हा म्हणून बघितलं. तिसऱ्यांदा म्हणून बघितलं. आधीच्या चौदा पोरांचे आवाज एकात एक मिसळून आले, गुंडीचा काही केल्या येईना.

"आठवत नाही, ताई," ती म्हणाली. "खरंच आठवत नाही हो."

ताईने डोळे उघडले.

"म्हणजे आता ते कोणाकडेच नाही," ती म्हणाली.